ऑनलाइन सिममधली रिले: बॅटन दर वेळी अदलाबदलीतच का अडकतो

सिम म्हणजे संगणकावर विमान उडवायचा प्रोग्राम (फ्लाइट सिम्युलेटर), आणि त्यात आमचा संघ ऑनलाइन रिले शर्यतीचा सराव करतो. लक्षण असं आहे. प्रत्येक वैमानिक आपापला टप्पा एकट्याने उडवतो तेव्हा सगळं नीट होतं, वेळही ठरल्याप्रमाणे येते. पण संघ एकत्र बसून पूर्ण रिलेचा सराव करायला लागला की पहिल्या नाही तर दुसऱ्या अदलाबदलीला काहीतरी बिनसतं. उतरणारा पुढच्याला दिसत नाही. किंवा दिसतो, पण धावपट्टीच्या वर तरंगताना. किंवा पुढच्याचा सिम नेमका त्याच मिनिटाला गोठतो. किंवा एक म्हणतो "मी बॅटन दिला होता" आणि दुसरा म्हणतो "मला काही ऐकू आलं नाही". पुढच्या सरावात तेच, फक्त जागा बदललेली.

आमच्या संघात हे बरेच दिवस चाललं. दर वेळी आम्ही "नेट खराब होतं" म्हणून विषय सोडून दिला, आणि तीच आमची खरी चूक होती. नेट काही वेळा खराब होतंच. पण एकेक अदलाबदल वेगळी काढून तपासली तेव्हा बहुतेक कारणं दुसरीच निघाली आणि जवळजवळ सगळी सुधारता येण्यासारखी निघाली. ती इथे मांडतो आहे.

इथे रिले म्हणजे कोणती, ते आधी सांगतो. पहिला वैमानिक एका विमानतळावरून निघून दुसऱ्यावर उतरतो, पूर्ण थांबतो आणि बॅटन सोडतो (आमचा बॅटन म्हणजे पुढच्याला निघायला सांगणारा तोंडी निरोप). दुसरा त्याच विमानतळावरून निघून तिसऱ्याकडे जातो. घड्याळ पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या थांब्यापर्यंत चालूच असतं, त्यामुळे जमिनीवर गेलेलं प्रत्येक मिनिट संघाच्या खात्यावर पडतं.

हे मिनिट किती महाग आहे ते बघा. १५० नॉटिकल मैलांचा टप्पा १५० नॉट वेगाने बरोबर एका तासात होतो (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल; पुढे नुसतं मैल म्हटलं तरी नॉटिकलच). अदलाबदलीत पाच मिनिटं वाया गेली आणि ती पुढच्याने भरून काढायची ठरवलं, तर त्याला तेवढंच अंतर ५५ मिनिटांत कापायला हवं, म्हणजे जवळपास १६४ नॉट. सगळे एकाच जातीचं विमान उडवत असताना हे १४ नॉट कुठून येणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: संघाचा सरावाचा वेळ हवेपेक्षा जमिनीवर जास्त खर्च व्हायला हवा.

आधी अदलाबदल वेगळी काढा

चार जणांच्या रिलेत अदलाबदली तीनच होतात. चार तासांचा पूर्ण सराव केला तरी जे बिघडतं ते तीनदाच समोर येतं, आणि तेही सगळे थकलेले असताना. त्यातून कारण सापडणं कठीण.

त्याऐवजी असं करा. उतरणाऱ्याने धावपट्टीपासून दहा मैलांवर, जमिनीपासून तीन हजार फुटांवर सुरुवात करायची. उतरायचं, थांबायचं, बॅटन द्यायचा. पुढच्याने निघून हजार फूट चढायचं आणि तिथे थांबवायचं. साध्या विमानात हे सगळं आठ-दहा मिनिटांत होतं. तासाभरात पाच-सहा अदलाबदली बघायला मिळतात आणि कुठे अडतं ते आपोआप दिसायला लागतं.

पहिल्या दोन वेळा काहीही सुधारायला जाऊ नका. एकाने फक्त लिहायचं: किती वाजता चाकं टेकली, किती वाजता विमान थांबलं, किती वाजता "बॅटन" हा शब्द उच्चारला गेला, किती वाजता पुढचं विमान हललं. या चार वेळांमधल्या तीन फटींपैकी सर्वांत मोठी कोणती, तिथून सुरुवात करा. टेकणं ते थांबणं ही फट मोठी असेल तर दोष अप्रोचमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्यात आहे. थांबणं ते बोलणं ही मोठी असेल तर आवाजात किंवा शिस्तीत. बोलणं ते हलणं ही मोठी असेल तर वाट पाहणाऱ्याच्या तयारीत. दिसण्या-न दिसण्याच्या तक्रारी या तिन्हींत कुठेही घुसतात, म्हणून त्या आधी घेतो.

पुढच्याला उतरणारा दिसतच नाही

सर्वांत आधी कॉलसाइन, म्हणजे विमानाचं ऑनलाइन नाव बघा. आमच्याकडे हेच कारण होतं आणि ते सापडायला सर्वांत जास्त दिवस लागले.

रिलेत एक मोह सगळ्यांना होतो: संघाचा एकच कॉलसाइन ठेवायचा आणि बॅटनसारखा तोच पुढे द्यायचा. कल्पना सुंदर आहे, पण सर्व्हरच्या (सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य संगणकाच्या) दृष्टीने कॉलसाइन म्हणजे त्या विमानाची ओळख. एकाच नावाची दोन विमानं एकाच वेळी आली तर सर्व्हर दुसऱ्याला घेत नाही. व्हॅटसिमसारख्या, सिम वैमानिकांना एकत्र आणणाऱ्या जाळ्यावर निदान लगेच कळतं, कारण जोडणीच नाकारली जाते. फ्लाइटगिअर या सिममध्ये मात्र पुढच्याला वाटतं की आपण जोडले गेलो आहोत, आणि बाकी कुणाला तो दिसत नसतो. पहिल्याने सिम बंद केला की थोड्या वेळाने दुसरा अचानक "उगवतो". त्यामुळे आम्हाला वाटायचं, नेट सुधारलं.

उपाय साधा आहे. प्रत्येकाचा कॉलसाइन वेगळा: संघाची अक्षरं समान, शेवटी टप्प्याचा आकडा. फ्लाइटगिअरमध्ये कॉलसाइनला सातच अक्षरांची जागा असते. लांब नाव ठेवलं आणि ते कापलं गेलं तर शेवटचा आकडाच गळतो आणि सगळे पुन्हा एकसारखे होतात. तेव्हा संघाचं नाव चार-पाच अक्षरांत बसवा.

कॉलसाइन ठीक असेल तर सर्व्हर बघा. "आपण सगळे ऑनलाइन आहोत" म्हणजे सगळे एकाच ठिकाणी आहोत असं नव्हे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये सर्व्हर जगाच्या भागांनुसार वेगळे आहेत आणि निवड आपोआप वर ठेवली तर सिम प्रत्येकाला त्याच्या जवळचा सर्व्हर देतो. संघातले लोक वेगवेगळ्या देशांत असतील तर ते एकाच विमानतळावर, एकाच वेळी, शेजारी उभे असूनही एकमेकांना दिसत नाहीत. सगळ्यांनी हाताने एकच सर्व्हर निवडा. शिवाय त्यात कोणते खेळाडू दाखवायचे याची वेगळी सेटिंग आहे. एकाने थेट हवामान (बाहेर त्या क्षणी असलेलं खरं हवामान) आणि खरी वेळ पाळणाऱ्यांनाच दाखवा असं ठेवलं असेल आणि दुसऱ्याने सरावासाठी घड्याळ दुपारी बाराला नेलं असेल, तर तिथेही गाठ पडत नाही.

तिसरी शक्यता फायरवॉलची, म्हणजे संगणकात येणारी-जाणारी माहिती अडवणाऱ्या पहारेकऱ्याची. तिची खूण अशी की दोष एकतर्फी असतो: मला तो दिसतो, त्याला मी दिसत नाही. विमानांच्या जागा सहसा यूडीपी या इंटरनेटवरच्या निरोप-पद्धतीने पाठवल्या जातात (फ्लाइटगिअरमध्ये नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ५०००) आणि सिम नव्याने बसवल्यावर किंवा अद्ययावत केल्यावर फायरवॉलची जुनी परवानगी कधीकधी लागू राहत नाही. एकतर्फी तक्रार आली की तिथेच बघायचं, सर्व्हर बदलत बसायचं नाही. एकाच घरातून दोघे उडत असतील तर दोघांचे ऐकण्याचे पोर्ट वेगळे ठेवा.

विमान दिसतं पण भलतंच दिसतं, ही तक्रार किरकोळ आहे. तुमच्याकडे ते मॉडेल नाही, म्हणून सिम दुसरं काहीतरी दाखवतो. फ्लाइटगिअर तर निळं-पिवळं ग्लायडर दाखवतो. शर्यतीवर परिणाम शून्य. मॉडेल उतरवून घ्या आणि पुढे चला.

विमान तरंगतं किंवा जमिनीत बुडतं

सिम दुसऱ्याला तुमची उंची आकड्यात पाठवतो, "मी धावपट्टीवर आहे" असं नाही. तुमच्याकडे त्या विमानतळाचं जास्त बारकाईने बनवलेलं दृश्य बसवलेलं असेल आणि समोरच्याकडे मूळचंच असेल, तर दोघांची जमीन काही फुटांनी वेगळी असते. तुम्ही तुमच्या जमिनीवर व्यवस्थित टेकलेले असता, त्याला मात्र हवेत लटकलेले दिसता. यात कुणाचंच काही चुकत नाही. पण पुढचा वैमानिक "हा अजून टेकला नाही" समजून थांबून राहिला तर ती मिनिटं खरीखुरी जातात. म्हणून टेकण्याची खबर डोळ्यांवर सोपवू नका, ती तोंडाने द्या. रिलेच्या विमानतळांपुरतं सगळ्यांनी एकच दृश्य ठेवलं तर उत्तमच.

हवेत उंची जुळत नसेल तर कारण वेगळं असतं: अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, लावलेला हवेचा दाब. प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट असा हिशेब धरतात. म्हणजे एकाने स्थानिक दाब १००३ लावला आणि दुसरा १०१३ वरच राहिला, तर दोघांच्या काट्यांवर एकच उंची असूनही प्रत्यक्षात जवळपास पावणेतीनशे फुटांचं अंतर असतं. उतरणाऱ्याने जुना दाब तसाच ठेवला तर अप्रोच तेवढाच उंच किंवा बुटका होतो. दहा मैलांवर आल्यावर दाब मोठ्याने वाचायची सवय लावा, ऐकणारा ताडून बघतो.

विमान उड्या मारतं

समोरचं विमान तुमच्या पडद्यावर दिसतं ते नेहमीच थोडं शिळं असतं. दोन निरोपांच्या मध्ये ते कुठे असेल याचा सिम अंदाज बांधतो आणि नवा निरोप आला की चूक दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीलाच आपण उडी म्हणतो. एक नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. १०० नॉटने उतरणारं विमान ०.२ सेकंद उशिरा दिसलं तर ते दहा मीटर मागे दिसतं, २५० नॉटला ०.३ सेकंदांत जवळपास चाळीस मीटर. तेव्हा उतरणाऱ्याच्या शेपटीला चिकटून "हवेतच बॅटन" वगैरे प्रकार करायचे असतील तर तुमच्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंतरावर विसंबू नका.

हा उशीर, म्हणजे लॅग, एकसारखा असेल तर त्रास होत नाही. तो कमी-जास्त होत राहिला तर होतो. वायफाय सोडून केबल लावणं हा जुना सल्ला आहे आणि अजूनही तोच सर्वांत उपयोगी आहे. सरावाच्या वेळात घरात कुणी मोठी फाइल चढवत नाही ना, तेही बघा. विमानतळावर एकमेकांशी टक्कर होण्याची सोय सिममध्ये असेल तर ती बंदच ठेवा, नाहीतर एका उडीत दोन्ही विमानं संपतात.

एकाचंच घड्याळ हळू चालतं

हा दोष फार थोड्या संघांना ठाऊक असतो, म्हणून यावर जरा थांबतो.

एक्स-प्लेन या सिममध्ये फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा) सुमारे वीसच्या खाली गेला की सिम गणित बिघडू नये म्हणून वेळच संथ करतो. पंधरा फ्रेम मिळत असतील तर सिमचं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या पाऊणपटीने चालतं. वैमानिकाला काहीच वेगळं जाणवत नाही. त्याच्या काट्यावर १४० नॉट असतात, इंजिन नीट, विमान स्थिर. बाकीच्यांना मात्र तो १०५ नॉटने रांगताना दिसतो. खऱ्या चार मिनिटांत तो तीन मिनिटांचंच अंतर कापतो.

आता हे कुठे घडतं ते बघा: मोठ्या, तपशीलवार विमानतळाजवळ, ढगांत, आजूबाजूला इतर विमानं असताना. म्हणजे नेमकं शेवटच्या दहा मैलांत. संघ म्हणतो "हा अप्रोच फार लांबवतो", आणि तो बिचारा अगदी बरोबर उडत असतो. आमच्या एका सहकाऱ्यावर यावरून अन्याय झाला. त्याचा टप्पा बदलून दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. नंतर त्याने फ्रेम रेटचा आकडा पडद्यावर ठेवून अप्रोच केला, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या सेटिंगमध्ये ढग, सावल्या आणि दिसणाऱ्या वस्तूंची संख्या कमी केल्यावर त्याची वेळ इतरांच्या बरोबरीला आली.

तेव्हा प्रत्येकाने आपल्या उतरण्याच्या विमानतळावर, वाईट हवामानात, फ्रेम रेट किती राहतो ते एकदा मोजून ठेवा. दृश्य कितीही देखणं असलं तरी शर्यतीत तीसच्या आसपास स्थिर राहणारा सिम हवा.

घड्याळाची दुसरी बाजू साधी आहे. वेळा यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत) लिहा, कारण संघातल्या प्रत्येकाच्या भिंतीवरचं घड्याळ वेगळं असू शकतं. संगणकाचं घड्याळ सरावाआधी इंटरनेटवरून जुळवून घ्या. दोन संगणकांत वीस-तीस सेकंदांचा फरक सहज असतो आणि मग वहीत "बॅटन दिला" याच्या आधीच "बॅटन घेतला" अशी नोंद सापडते. सिम थांबवणं किंवा वेळ पळवणं सरावातही टाळा. शर्यतीत उड्डाणाची नोंद ठेवणारा प्रोग्राम असेल तर तो अशा उड्डाणाला बाद ठरवू शकतो, आणि बोटांना लागलेली सवय शर्यतीच्या दिवशी सुटत नाही.

सरावाच्या वेळा जुळत नाहीत

थेट हवामान लावून केलेले दोन सराव एकमेकांशी ताडू नका. १५० नॉटच्या विमानाला ३०० मैल जायला शांत हवेत दोन तास लागतात. समोरून वीस नॉटचा वारा असेल तर दोन तास अठरा मिनिटं. एवढ्या फरकात अदलाबदलीतल्या सुधारणेची दोन मिनिटं कुठेच दिसत नाहीत.

शिवाय विमानतळांचे हवामान अहवाल तासाला किंवा अर्ध्या तासाला बदलतात आणि प्रत्येक सिम ते आपापल्या वेळेला, आपापल्या स्रोतातून घेतो. उतरणाऱ्याला एका बाजूचा वारा आणि निघणाऱ्याला उलट बाजूचा, असंही होतं. मग दोघं एकाच धावपट्टीच्या दोन टोकांवरून समोरासमोर येतात. सरावात हवामान हाताने ठरवा: दाब, वारा, ढग, सगळ्यांचं एकच. शर्यत थेट हवामानात असेल तर शेवटचे दोन-तीन सराव तसे करा आणि कोणती धावपट्टी वापरायची ते उतरणारा सांगेल, असा नियम ठेवा.

ऐन उतरतानाच सिम बंद पडतो

लांब टप्प्याच्या शेवटी होत असेल तर पहिला संशय मेमरीवर घ्या. फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा २००६ चा, ३२ बिटचा प्रोग्राम आहे. संगणकात कितीही रॅम असली तरी तो ४ जीबीच्या पलीकडे वापरू शकत नाही. तासन् तास दृश्य साठत जातं आणि शेवटी तपशीलवार विमानतळ उघडायची वेळ आली की जागा संपते. म्हणून तो हवेत मध्येच पडण्याऐवजी धावपट्टी दिसायला लागल्यावर पडतो. निघण्याआधी सिम नव्याने सुरू करा, टेक्स्चर (दृश्यांवरच्या चित्रांचा बारकावा) कमी ठेवा, इतर वाहतूक बंद करा. एक्स-प्लेनच्या आणि प्रीपेअर३डी या सिमच्या नव्या ६४ बिट आवृत्त्यांत ही भिंत नाही. तिथे सिम पडत असेल तर बाहेरून बसवलेली दृश्यं आणि विमानं एकेक करून काढून बघा.

तरीही सिम कधीतरी पडणारच, म्हणून लांब टप्प्याला राखीव वैमानिक हवा. उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या मार्गात कॅनडातलं गूज बे ते ग्रीनलंडमधलं नार्सार्सुआक हा टप्पा सुमारे ६७५ नॉटिकल मैलांचा आहे, १५० नॉटने साडेचार तास. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, अमेरिकनांनी हा तळ बांधला तो अशाच टप्प्याटप्प्याने विमानं पलीकडे नेण्यासाठी. साडेचार तासांनंतर समोर अरुंद फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी), दोन्ही बाजूंना डोंगर, आणि चढ असलेली एकच धावपट्टी. वारा मोठा नसेल तर तिथे उतरायचं फ्योर्डकडून आणि निघायचंही फ्योर्डकडेच. म्हणजे पुढच्या वैमानिकाने उतरणारा जिथून आत येतो त्या टोकाला थांबायचं नाही. त्याने पलीकडच्या, डोंगराकडच्या टोकाजवळ बाजूला उभं राहायचं. हे ठरवलेलं नसेल तर अदलाबदलीनंतर टॅक्सी करण्यातच (विमान जमिनीवरून चालवत नेण्यातच) सगळी कमाई जाते. राखीव वैमानिकाने याच टप्प्यावर मागून उडत राहावं आणि नियमांत बसत असेल तर पहिल्याचा सिम पडल्यास त्याने बॅटन पुढे न्यावा.

टेकणं ते थांबणं: अप्रोच आधीपासून ठरवा

शर्यत म्हटली की उतरणारा वेग सोडायला तयार नसतो. मग तो उंच आणि वेगात येतो, धावपट्टीच्या मध्यावर टेकतो, शेवटपर्यंत घरंगळतो, किंवा फिरून परत येतो. एका फेरीचे पाच-सात मिनिटं सहज जातात.

तोंडपाठ हिशेब पुरतो. जेवढे हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट मैल आधी उतरायला लागा: नऊ हजारांवरून हजार फुटांवर यायचं तर चोवीस मैल आधी. उतरण्याचा दर म्हणजे जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट: १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. पाच मैलांवर विमान उतरण्याच्या वेगात आणि फ्लॅप (वेग कमी असताना पंखांमागे उघडायच्या झडपा) लावलेल्या स्थितीत नसेल तर ते मोठ्याने सांगा, म्हणजे पुढचा इंजिन वाढवून बसत नाही.

बोलणं ते हलणं: वाट पाहणाऱ्याची तयारी

पुढच्याने सिम शर्यतीच्या सुरुवातीपासून उघडून ठेवू नये आणि शेवटच्या पाच मिनिटांतही उघडू नये. लोड व्हायला वेळ लागतो आणि काही बिघडलं तर दुसऱ्यांदा सुरू करायला जागा हवी. अर्धा तास आधी, ही आम्हाला मानवलेली वेळ आहे. उभं राहायचं धावपट्टीच्या बाजूला, धावपट्टीवर नाही. उतरणारा दहा मैलांवर आला की इंजिन सुरू. त्याआधी सुरू केलं तर इंधन जाळत बसाल.

मग एक चाचणी: जॉयस्टिक हलवून विमानाच्या पंखांवरचे आणि शेपटीवरचे पृष्ठभाग हलतात का ते बघायचं. हसण्यावारी नेऊ नका. बराच वेळ हात न लावलेलं यूएसबी उपकरण विंडोज वीज वाचवण्यासाठी झोपवतं आणि बॅटन मिळाल्यावर थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) ढकलला तरी काही होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्याची खूण काढून टाका. बोलण्याचं बटण सिममध्ये दुसऱ्या कशाला जोडलेलं नाही ना, हेही इथेच तपासा. आमच्यातल्या एकाचं ते ब्रेकचंही बटण होतं. तो बोलला की ब्रेक लागायचा.

थांबणं ते बोलणं: तीन वाक्यं

धावण्याच्या ४×१०० मीटर रिलेत बॅटन तीस मीटरच्या ठरलेल्या पट्ट्यातच बदलावा लागतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ प्राथमिक फेरीतच बॅटन पाडून बाद झाले. वेगाच्या बाबतीत ते कुणाला हार जाणारे नव्हते. आमच्याकडे पट्टा आहे तो आवाजाचा आणि तिथे बॅटन पडतो तो दोघं एकदम बोलल्यामुळे.

खऱ्या दोन वैमानिकांच्या विमानात नियंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तीन वेळा उच्चार होतो: देणारा सांगतो, घेणारा सांगतो, देणारा पुन्हा सांगतो. आम्ही तेच उचललं.

"बॅटन तुझ्याकडे."
"बॅटन माझ्याकडे."
"बॅटन तुझ्याकडे, निघ."

दुसरं वाक्य ऐकू आलं नाही तर देणाऱ्याने पहिलं पुन्हा म्हणायचं. पाच सेकंदांत उत्तर नाही तर तेच लिहून पाठवायचं, खिडकी आधीपासून उघडी ठेवून. उतरणारा पाच मैलांवर आल्यापासून पुढचा हवेत जाईपर्यंत बाकी सगळ्यांचे माइक म्यूट. शाबासकी, सल्ला, "अरे वा" हे सगळं हजार फुटांनंतर. हा नियम लावताना आमच्या संघात थोडी नाराजी झाली, कारण एकत्र उडण्याची मजा गप्पांत आहे आणि ती मलाही प्रिय आहे. पण थांबणं ते बोलणं ही फट ज्या दिवशी आम्ही हा नियम पाळला त्याच दिवशी मिनिटांवरून सेकंदांवर आली. बाकीच्या दुरुस्त्यांना आठवडे लागले.

एवढं करूनही अडलं तर

मदत मागताना "बॅटन अडकला" एवढंच लिहिलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. सिमचं नाव आणि आवृत्ती, दोघांचे कॉलसाइन, सर्व्हर, दोष एकतर्फी की दुतर्फी, त्या क्षणाचा दोघांचा फ्रेम रेट, आणि टेकणं, थांबणं, बोलणं, हलणं या चार वेळा यूटीसीत द्या. दोघांनीही आपापल्या पडद्याचं रेकॉर्डिंग ठेवलं असेल तर ती दोन रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावून "बॅटन तुझ्याकडे" या शब्दांवर जुळवा. पहिला फरक ज्या सेकंदाला दिसेल, तिथून वर दिलेल्या भागांपैकी कोणता लागू पडतो ते शोधायला सुरुवात करा.